पट्टा-केराटोपॅथी

कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) वरच्या थरांत कॅल्शियम साचून बुबुळावर आडवा, करडा-पांढरा पट्टा उमटण्याचा विकार. बोलीत याला ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणतात; पण जखमेच्या वणाने पडणारे फूल निराळे. म्हातारपणी बुबुळाच्या कडेला दिसणारे पांढरे कडेही वेगळे, ते चरबीचे असते.

साचणारा क्षार मुख्यतः हायड्रॉक्सिॲपाटाइट, म्हणजे हाडांतलाच. तो बोमन थरात, म्हणजे कॉर्नियाच्या वरच्या त्वचेखालच्या पातळ थरात, बसतो. पापण्यांच्या फटीत उघड्या राहणाऱ्या भागातून अश्रू सुकतात, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू (पीएच) वाढतो आणि कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसतो. म्हणूनच पट्टा आडवा असतो. तो बहुधा नाकाकडील व कानाकडील कडांपासून सुरू होऊन मध्याकडे सरकतो. कॉर्नियाच्या अगदी काठाशी स्वच्छ रेघ उरते आणि मज्जातंतू बोमन थर भेदून वर येतात तिथे बारीक भोके दिसतात.

कारण बहुतेकदा डोळ्यातच असते: जुनाट युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थराचा दाह (संधिवात असलेल्या मुलांत विशेष), डोळ्याच्या शस्त्रक्रियेत आत भरलेले सिलिकॉन तेल, आक्रसलेला निकामी डोळा. दोन्ही डोळ्यांत पट्टा असून डोळ्याचे कारण सापडत नसेल, तर रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी) व पॅराथायरॉइड संप्रेरक (कॅल्शियमचे नियमन करणारे) तपासलेच पाहिजे. ड जीवनसत्त्वाचा अतिरेकही विसरू नये.

पट्टा कडेला असेपर्यंत तक्रार नसते. बाहुलीसमोर आला की धूसर दिसते, दिव्याचा प्रकाश पसरतो. साचलेल्या क्षाराची खपली उचकटली की कॉर्नियाची वरची त्वचा फाटते. मग खुपते, पाणी येते, उजेड सोसत नाही.

निव्वळ कोरडेपणा असेल तर कृत्रिम अश्रू पुरतात. दृष्टी अडली वा वेदना असल्यास ईडीटीएने (कॅल्शियमला बांधून घेणाऱ्या रसायनाने) कॅल्शियम विरघळवतात. ही पद्धत डब्ल्यू. मॉर्टन ग्रँट यांनी १९५२ मध्ये मांडली. भुलीचे थेंब घालून आधी वरची त्वचा खरवडतात, कारण ती शाबूत असता औषध आत पोचत नाही. मग सुमारे १.५ ते ३ टक्के द्रावणात भिजवलेला स्पंज पट्ट्यावर धरतात, अधूनमधून पुसतात. जाड थराला अर्धा तासही लागतो. द्रावण डायसोडियम ईडीटीएचेच हवे. कॅल्शियम डायसोडियम प्रकारात कॅल्शियम आधीच बांधलेले असल्याने त्याचा इथे उपयोग नाही, आणि नावातल्या साम्यामुळे घोटाळा होऊ शकतो. शेवटी भरपूर धुऊन बँडेज लेन्स (जखम झाकणारी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स) व प्रतिजैविक थेंब देतात. त्वचा साधारण आठवड्यात भरते. जुनाट दाह असलेल्या डोळ्यात ती रेंगाळते, तेव्हा गर्भवेष्टनाचा (गर्भाभोवतीच्या पातळ आवरणाचा) पडदा लावावा लागतो. १९३ नॅनोमीटरच्या एक्सायमर लेसरनेही (अतिनील किरणांनी पातळ थर काढणाऱ्या) पृष्ठभाग गुळगुळीत करता येतो, मात्र त्याने चष्म्याचा नंबर दूरदृष्टीकडे सरकू शकतो. मूळ आजार कायम राहिला तर पट्टा पुन्हा धरतो.