फ्रीजचा गॅस गेला, की कॉईल बर्फाने कोंडली?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी घरी आलेल्या असतात, आमरसाची पातेली फ्रीजमध्ये ठेवलेली असतात, आणि नेमकी त्याच दिवसांत खान्देशातल्या घराघरांतून "फ्रीज थंड करत नाही" ही तक्रार ऐकू येते. त्यावरचे उत्तरही बहुधा ठरलेले असते : गॅस संपला असेल, भरून घ्या. प्रत्यक्षात दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या, फ्रीजमध्ये ही तक्रार दोन अगदी वेगळ्या बिघाडांमुळे येऊ शकते. एकात नळ्यांमधला गॅस गळालेला असतो. दुसऱ्यात गॅस पुरेपूर असतो, पण थंड होणाऱ्या कॉईलवर बर्फ साचून हवेची वाट बंद झालेली असते. दोन्हींचा खर्च वेगळा, दुरुस्ती वेगळी, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही.

आमच्याकडे ही गल्लत घडलेली आहे. वर फ्रीजरमध्ये बर्फ होत होता, खाली मात्र सकाळचे दूध संध्याकाळपर्यंत नासू लागले. कारागिराने गॅस कमी झाल्याचे सांगितले, दिवसभर फ्रीज बंद व उघडा ठेवून गॅस भरला आणि दुसऱ्या दिवशी फ्रीज नव्यासारखा चालू लागला. अकराव्या दिवशी दूध पुन्हा नासले. दुसऱ्या कारागिराने फ्रीजरच्या आतली मागची प्लास्टिकची पाटी उघडली, तेव्हा कॉईल दिसतच नव्हती. तिच्या जागी पांढऱ्या बर्फाची सलग भिंत होती आणि पंख्याची पाती त्या बर्फाला घासत होती. पहिल्या वेळी फ्रीज सुधारला तो गॅसमुळे नव्हे, तर त्या दिवशी दार उघडे राहिल्यामुळे आतला बर्फ वितळला म्हणून. हा योगायोग फार फसवा आहे.

असे का होते, हे समजण्यासाठी आतली रचना डोळ्यांसमोर आणावी लागते. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये सहसा एकच थंड कॉईल असते आणि ती फ्रीजरच्या मागच्या भिंतीआड लपलेली असते. एक छोटा पंखा तिच्यावरून हवा खेचतो, त्यातली बरीचशी फ्रीजरमध्ये सोडतो आणि थोडी हवा एका पोकळ मार्गाने खालच्या कप्प्यात पाठवतो. दार उघडताना आत शिरलेली वाफ कॉईलवर गोठते, म्हणून साधारण आठ ते बारा तास कॉम्प्रेसर चालला, की टायमर किंवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड तो थांबवून कॉईलखालचा हीटर काही मिनिटे लावतो. बर्फ वितळून पाणी नळीवाटे मागे कॉम्प्रेसरवरच्या तबकात जाते आणि तिथल्या उष्णतेने उडून जाते. हीटर, तो जास्त तापल्यास वीज तोडणारा थर्मल फ्यूज, तापमानानुसार हीटर चालू-बंद करणारा बायमेटल स्विच किंवा टायमर यांपैकी एक जरी निकामी झाला, तरी बर्फ वितळण्याचे काम थांबते आणि थर थरावर चढत जातो. हवेचा पुरवठा घटला की आधी खालचा कप्पा गरम पडतो, कारण त्याच्या वाट्याला मुळातच थोडी हवा येते; फ्रीजर मात्र कॉईलच्या शेजारी असल्याने आणखी काही दिवस तग धरतो.

गॅसचे गणित निराळे आहे. फ्रीजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, कॉम्प्रेसरमध्ये दाबला जातो, बाजूच्या किंवा मागच्या नळ्यांमध्ये उष्णता सोडून द्रवरूप होतो आणि केसासारख्या बारीक कॅपिलरीतून कॉईलमध्ये येऊन पुन्हा वायुरूप होताना थंडावा देतो. म्हणून "दर दोन वर्षांनी गॅस भरावा लागतो" ही समजूत चुकीची आहे. गॅस कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. अशा वेळी थोडासाच द्रव कॉईलमध्ये पोचतो आणि सुरुवातीच्या दोन-चार वेढ्यांतच संपतो. तेवढ्याच वेढ्यांवर हिव धरते, बाकीची कॉईल कोरडी राहते, आणि वरचा व खालचा दोन्ही कप्पे मिळूनच ढिले पडत जातात.

पाटी उघडून पाहिली, की फरक लपत नाही : सगळी कॉईल बर्फात बुडालेली असेल तर दोष बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेत, आणि एका कोपऱ्यातच हिव असेल तर संशय गॅसवर. पण घरच्या माणसाने पाटी उघडू नये, त्याआधी करता येण्यासारखी परीक्षा सोपी आहे. सामान काढावे, प्लग काढावा, दोन्ही दारे चोवीस तास उघडी ठेवावीत आणि खाली जुने टॉवेल पसरावेत. सुरीने, उलथन्याने बर्फ खरवडू नये. नंतर फ्रीज लावून खालच्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवावा. दिवसभरात तापमान २ ते ५ अंशांवर आले, फ्रीजर उणे १८च्या आसपास पोचला आणि आठवडाभर सगळे ठीक चालून पुन्हा तक्रार आली, तर गॅस शाबूत आहे असे समजावे. गॅस गळालेला फ्रीज चोवीस तासांच्या विश्रांतीनेही पूर्ण थंड होत नाही. एक अपवाद मात्र आहे : नळ्यांत ओलावा शिरला असेल, तर तो कॅपिलरीच्या तोंडाशी गोठून गॅसची वाट अडवतो. असा फ्रीज बंद करून लावला की तात्पुरता थंड होतो, पण काही तासांतच थंडावा पुन्हा बंद होतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात या परीक्षेला थोडी जोड द्यावी लागते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि फ्रीजवर चिकटवलेल्या माहितीपट्टीवर "टी" हा हवामान वर्ग लिहिलेला असला, तरी तो ४३ अंशांपर्यंतच्याच खोलीसाठी गृहीत धरलेला असतो. भर दुपारी बाजूच्या भिंती तापलेल्या लागणारच; त्या कोमट आहेत की नाहीत, हे पहाटे हात लावून पाहावे. गॅस कमी असलेल्या फ्रीजचा कॉम्प्रेसर अखंड चालतो, पण या भिंती फारशा तापत नाहीत. शिवाय घरात कूलर चालतो, तेव्हा कोरड्या हवेत भर पडते ती पाण्याच्या वाफेची, आणि पाहुण्यांच्या गर्दीत दार सारखे उघडझाक होते. हा ओलावा थेट कॉईलवर जाऊन बसतो. दाराचे रबर ढिले असेल तर त्यात आणखी भर पडते. रबर व दाराच्या चौकटीमध्ये नोट धरून दार लावावे. ती सहज सरकत असेल, तर रबर बदलण्याची वेळ झाली. संध्याकाळी व्होल्टेज उतरल्यावर मागून नुसता टक्-टक् आवाज येऊन कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल, तर मात्र तो प्रकार या दोन्हींहून वेगळा आहे.

एका दाराच्या साध्या फ्रीजमध्ये पंखा आणि हीटर नसतात. तिथे फ्रीजरच्या पेटीवर बर्फ जमणे स्वाभाविक आहे आणि तो पाव इंच झाला की डीफ्रॉस्टचे बटण दाबावे. त्या पेटीच्या पत्र्यातूनच गॅसच्या नळ्या जातात. बर्फात चिकटलेले भांडे सुटावे म्हणून सुरीचे टोक लावले आणि पत्र्याला सूक्ष्म भोक पडले, तर बर्फाची साधी तक्रार त्याच क्षणी गॅसची होते.

परीक्षेअंती गॅसच गळाल्याचे ठरले, तर कारागिराला तीन गोष्टी विचाराव्यात : गळती कुठे सापडली, नळ्यांतला ओलावा शोषणारा फिल्टर बदलणार का, आणि नळ्यांतली हवा पंपाने पूर्ण ओढून (व्हॅक्यूम करून) गॅस वजनावर भरणार का. नव्या घरगुती फ्रीजमध्ये बहुधा आर-६०० ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ज्वलनशील आहे आणि अख्ख्या फ्रीजमध्ये बऱ्याचदा त्याचे प्रमाण पन्नास ग्रॅमच्या आसपासच असते, त्यामुळे नुसत्या अंदाजाने चार-पाच ग्रॅमची चूकही जाणवते. आतल्या माहितीपट्टीवर किंवा कॉम्प्रेसरवर गॅसचे नाव व ग्रॅममधले वजन छापलेले असते. ते आधीच वाचून ठेवावे आणि कारागीर आला की त्याच्या काट्यावरचा आकडा स्वतः पाहावा.