सुपासारखे कान आणि एक हरवलेली घडी

नाशिकचं नाव नासिकेवरून पडलं, असं पंचवटीत कुणीही सांगेल. वाल्मीकि रामायणात लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं तसे कानही कापले; पण गावाला नाव देताना कान मागे पडले. शस्त्रक्रियेच्या इतिहासातही नाकाचाच बोलबाला जास्त. सुश्रुतसंहितेत कर्णबंधाचे १५ प्रकार आहेत खरे, पण ते फाटलेली पाळी जोडण्याचे. पुढे आलेला कान मागे बसवण्याचा विचार १९व्या शतकातला.

१८४५ मध्ये जर्मनीत डीफेनबाख या शल्यविशारदांनी कानामागची कातडी कापून कूर्चा, म्हणजे कानाचं मऊ हाड, मागच्या हाडाच्या आवरणाला टाक्यांनी बांधली. तो कान दुखापतीनं पुढे आलेला होता. १८८१ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर इली यांनी १२ वर्षांच्या मुलाचे कान निव्वळ दिसण्यासाठी दुरुस्त केले. पण नुसत्या कातडीच्या जोरावर कान मागे राहत नाही. कातडी सैलावते, कूर्चा मूळ जागी येते.

खरी गोम १९१०मध्ये लकेट यांनी पकडली. कानाच्या बाहेरच्या काठाच्या आत बोट फिरवा, दुसरा एक उंचवटा लागेल. ती कूर्चेची घडी. ती नीट पडली नाही की कानाचा वरचा भाग सुपासारखा पसरतो. लकेट यांनी कूर्चा कापून घडी पाडली. कापल्या जागी धारदार कड दिसायची. १९६३मध्ये मुस्टार्डे यांनी न कापता, मागून न विरघळणारे टाके घालून घडी वळवली. त्याच वर्षी स्टेनस्ट्रॉम यांची पद्धत आली: कूर्चेच्या पुढच्या बाजूवर बारीक ओरखडे काढायचे. ओरखड्याच्या उलट बाजूला कूर्चा वाकते, हे १९५८ मध्येच दिसलं होतं. काहींच्या कानात घडी असते, पण भोकाभोवतीची मधली वाटी खोल असते. तिला मागच्या हाडाशी बांधण्याचे टाके फर्नास यांनी १९६८मध्ये मांडले. आज बहुधा यातल्या दोन-तीन पद्धती एकत्र वापरतात.

पाच-सहा वर्षांपर्यंत कानाची बहुतेक वाढ झालेली असते, म्हणून मुलांचं ऑपरेशन साधारण तेव्हापासून करतात, पूर्ण भूल देऊन. मोठ्यांना बहुतेक वेळा कानापुरती भूल पुरते. ऑपरेशननंतर बांधलेल्या पट्टीखाली एकाच कानात कळ वाढत गेली, तर रक्त साचलं असू शकतं. पट्टी त्याच दिवशी उघडून घ्यावी, नाहीतर जंतुसंसर्ग होऊन कूर्चा खराब होते. मधला भाग जास्त ओढला गेला, तर वरचं टोक आणि पाळी पुढे राहते. त्याला 'टेलिफोन कान' म्हणतात. टाका सुटला की कान पुन्हा पुढे. म्हणून चार-सहा आठवडे रात्री कपाळपट्टी बांधायची. दुचाकीवाल्यांनी हेल्मेटचं डॉक्टरांना विचारून ठरवावं, कारण काढताना ते कान पुढे ओढतं.

तान्ह्या बाळाची गोष्ट निराळी. आईकडून आलेल्या इस्ट्रोजेनमुळे त्याची कूर्चा पहिले काही आठवडे मऊ असते. जपानमध्ये मात्सुओ यांनी १९८०च्या दशकात दाखवलं, की तेवढ्यात साचा बसवला तर ऑपरेशन टळू शकतं. आजीच्या टोपड्याचा विचार या दिशेचाच, पण टोपडं कान नुसता दाबतं. घडी पडायला काठाच्या आतल्या खोबणीत आधार लागतो.