सायनसचं डोकं की मायग्रेन?

कपाळ ठणकतंय, डोळ्यांमागे दाब जाणवतोय, नाक चोंदलंय, खाली वाकलं की कळ वाढतेय. बहुतेक जण स्वतःच निदान करून मोकळे होतात: सायनस पुन्हा उठलं! मग वाफ, सर्दीची गोळी, एखाद-दोन दिवसांत डोकं उतरतं आणि निदानावर शिक्का बसतो. गंमत अशी, की मायग्रेनसुद्धा 4 ते 72 तासांत आपोआप उतरतं.

2004 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःच्या किंवा डॉक्टरांच्या मते 'सायनसची डोकेदुखी' असलेले 2,991 जण तपासले गेले. त्यांपैकी 88 टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या निकषांत बसली.

मायग्रेनमध्ये नाक कसं चोंदतं? चेहऱ्याला संवेदना पुरवणारी ट्रायजेमिनल नस खवळली, की प्रतिक्षिप्त क्रियेने डोळे पाणावतात, नाक वाहतं किंवा बंद होतं. पण हा स्राव पाण्यासारखा पातळ असतो. सायनसच्या, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांच्या, खऱ्या संसर्गात तो घट्ट, पिवळट-हिरवट असतो. वास येईनासा होतो, वरच्या दाढा ठणकतात, कधी तापही येतो. बहुधा आधी सर्दी झालेली असते. उलट उजेड आणि आवाज नकोसा होणं, मळमळ, जिना चढला तरी ठणका वाढणं हे मायग्रेनचं काम. वाकल्यावर दुखणं मात्र दोन्हींत असतं, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. स्कॅनमध्ये दिसलेलं 'सायनसचं जाड अस्तर'ही फारसा पुरावा नव्हे. काहीही त्रास नसलेल्यांतही ते सापडतं.

सायनसचा संसर्ग बहुतेकदा विषाणूंमुळे होतो, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणं, वेदनाशामक, विश्रांती एवढं सहसा पुरतं. 10 दिवसांत उतार पडला नाही किंवा बरं वाटून पुन्हा बिघडलं, तर डॉक्टर अँटिबायोटिकचा विचार करतात. मायग्रेनमध्ये वेदनाशामक दुखणं चढायच्या आधीच घ्यावं. तेवढ्याने भागलं नाही तर सुमाट्रिप्टानसारखी औषधं असतात, पण हृदयविकार असलेल्यांना ती चालत नाहीत. झटके वारंवार येत असतील तर प्रोप्रानोलॉलसारखं रोजचं प्रतिबंधक औषध देतात.

चुकीच्या निदानाचा खरा फटका इथे बसतो: साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. एकाहून जास्त औषधं एकत्र असलेल्या मिश्र गोळ्यांना तर 10 दिवसही पुरतात.

अचानक, क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी, तापासोबत ताठरलेली मान, बोबडी वळणं किंवा हातपाय लुळे पडणं यांत सायनस की मायग्रेन हा प्रश्नच नाही. थेट रुग्णालय गाठायचं.