साधं डॉक्सोरुबिसिन आणि लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन: रेणू एक, औषधं दोन

डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं केमोचं औषध साध्या आणि लिपोसोमल अशा दोन रूपांत मिळतं. दोन्ही लाल. दोन्ही कुप्यांवर बहुधा तेच प्रमाण छापलेलं असतं: दर मिलिलिटरला २ मिलिग्रॅम. केमोच्या कागदावर घाईत नुसतं ‘डॉक्सो’ लिहिलं, तर नर्सच्या हातात यातली कोणतीही कुपी येऊ शकते. म्हणून लिपोसोमल डॉक्सोरुबिसिनच्या माहितीपत्रकात स्पष्ट सूचना असते की हे साध्या डॉक्सोरुबिसिनच्या जागी वापरू नये. ही सूचना अगदी गांभीर्याने घ्यायला हवी, कारण डोस, द्यायची पद्धत, दोन फेऱ्यांमधलं अंतर आणि दुष्परिणाम या सगळ्याच बाबतीत ही दोन वेगळी औषधं आहेत.

साधं डॉक्सोरुबिसिन शिरेत गेलं की काही मिनिटांतच रक्त सोडून शरीरभर पसरतं. गाठीत जातं, तसंच केसांच्या मुळांत, आतड्याच्या अस्तरात आणि हृदयाच्या स्नायूतही शिरतं. लिपोसोमल प्रकारात तोच रेणू चरबीसदृश पदार्थाच्या, साधारण ८० ते १०० नॅनोमीटर व्यासाच्या बंद सूक्ष्म गोळीत, म्हणजे लिपोसोममध्ये, कोंडलेला असतो. गोळ्या आधी अमोनियम सल्फेट भरून तयार करतात. मग बाहेरचं डॉक्सोरुबिसिन आपणहून आत ओढलं जातं आणि सल्फेटशी जुळून आतच स्फटिकासारखं घट्ट होतं. एका गोळीत दहा-पंधरा हजार रेणू मावतात. बाहेरून पॉलिएथिलीन ग्लायकोलचं आवरण असतं. यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी त्यामुळे गोळ्यांना लगेच गिळत नाहीत, आणि रक्तातलं औषध निम्म्यावर यायला सुमारे ५५ तास लागतात. निरोगी हृदयातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असल्याने एवढा मोठा कण तिथून सहज बाहेर पडत नाही. गाठीतल्या वाहिन्या गळक्या असतात, तिथे काही कण झिरपतात. जेरुसलेममध्ये येहेझ्केल बारेनहोल्झ आणि आल्बेर्तो गॅबिझोन यांनी हे काम उभं केलं. अमेरिकेत या औषधाला १९९५ मध्ये मान्यता मिळाली.

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज होतो. ‘नॅनो’ म्हणजे औषध थेट गाठीवर जातं आणि जास्त जोरात मारतं, असं रुग्णांचे नातेवाईक धरून चालतात, जाहिरातीही तसंच सुचवतात. २०१६ मध्ये अनेक प्राणी-प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात नॅनोकणांच्या दिलेल्या डोसपैकी गाठीपर्यंत पोचलेला मधला (मध्यक) वाटा अवघा ०.७ टक्के निघाला. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात ५०९ स्त्रियांवर या दोन औषधांची थेट तुलना झाली, तिचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ लिपोसोमल गटात ६.९ महिने आणि साध्या गटात ७.८ महिने. उपचारानंतरचं आयुष्य अनुक्रमे २१ आणि २२ महिने. म्हणजे ताकद जवळपास सारखीच. बदलतो तो त्रास: केस गळणं ६६ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलं, मळमळ ५३ वरून ३७ वर, हृदयाला होणारी इजाही बरीच घटली. पण तळहात-तळपाय सोलवटण्याचा त्रास २ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेला. महाग औषध घेण्याचा निर्णय या अदलाबदलीवर व्हायला हवा. आजार लवकर आटोक्यात येईल या आशेवर तो घेऊ नये.

प्रत्यक्ष देताना काय वेगळं? साधं डॉक्सोरुबिसिन एकट्याने दिलं, तर दर २१ दिवसांनी ६० ते ७५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर शरीरपृष्ठ (शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ), चालू सलाइनच्या नळीतून काही मिनिटांत सावकाश ढकलतात. लिपोसोमल मात्र अंडाशयाच्या कर्करोगात दर चार आठवड्यांनी. माहितीपत्रकातला डोस ५० आहे, पण बरेच डॉक्टर ४० वापरतात. १.६ चौरस मीटर शरीरपृष्ठ असलेल्या स्त्रीला ४० च्या हिशोबाने ६४ मिलिग्रॅम, म्हणजे ३२ मिलिलिटर लागतं. ते फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं: ९० मिलिग्रॅमपर्यंत २५० मिलिलिटरमध्ये, त्याहून जास्त असेल तर ५०० मध्ये. नॉर्मल सलाइन चालत नाही. नळीत फिल्टर लावायचा नाही. एकदम ढकलायचं तर मुळीच नाही. सुरुवात मिनिटाला १ मिलिग्रॅमने, आणि त्रास नसला तर तासाभरात पूर्ण. कुपी २ ते ८ अंशांत ठेवतात, ती गोठू द्यायची नाही. दोन कुप्या शेजारी धरल्या तर साधं द्रावण पारदर्शक लाल दिसतं आणि लिपोसोमल किंचित धुरकट. पण रंगावर विसंबू नये, लेबल मोठ्याने वाचावं.

पहिल्याच वेळी, पहिल्या काही मिनिटांत चेहरा लाल होणं, छाती आवळणं, पाठ दुखणं, दम लागणं असं होऊ शकतं. हे लिपोसोमचंच वैशिष्ट्य आहे. रक्तातली पूरक (प्रतिकारशक्तीची) प्रथिनं कणांना परकं समजून जागी होतात. औषध थांबवतात, त्रास ओसरला की कमी वेगाने पुन्हा सुरू करतात. त्रास तीव्र असेल तर पुन्हा देत नाहीत.

शिरेबाहेर गळणं ही साध्या डॉक्सोरुबिसिनची खरी भीती. कातडी आणि आतलं मांस मरू शकतं. सुई लगेच न काढता आधी तिच्यातूनच जमेल तेवढं औषध ओढून घेतात, नळी धुवायची नाही, थंड शेक द्यायचा. डेक्स्राझोक्सेन हा उतारा द्यायचं ठरलं तर सहा तासांच्या आत सुरू करावं लागतं, आणि त्याआधी किमान १५ मिनिटं थंड शेक काढावा लागतो. लिपोसोमल गळलं तर जळजळ होते, पण एवढा नाश सहसा होत नाही.

हातापायांचा त्रास साधारण दोन-तीन फेऱ्यांनंतर दिसतो. जिथे दाब आणि घर्षण जास्त, तिथे औषध साठतं. म्हणून औषधानंतरचे काही दिवस कडक गरम पाणी, घट्ट चपला, घट्ट बांगड्या टाळाव्यात. भाकरी थापणं, भांडी घासणं, धुणं पिळणं ही कामं घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करावीत. मॉइश्चरायझर नुसतं टेकवून लावावं, चोळू नये. फोड आले किंवा चालणं अवघड झालं तर पुढची तारीख लांबवतात, डोस कमी करतात. हे डॉक्टरांना न सांगता सोसत बसणारे रुग्ण खूप असतात, आणि पुढच्या फेरीला त्यांनाच जास्त भोगावं लागतं.

हृदयाच्या बाबतीत लिपोसोमल सौम्य आहे, सुरक्षित नाही. साध्या डॉक्सोरुबिसिनची आयुष्यभराची एकूण मात्रा सहसा ४५० ते ५५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटरच्या आत ठेवतात, आणि आधी घेतलेलं एपिरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन ही याच गटातली औषधंही त्या हिशोबात धरतात. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी केमो झाली असेल, तर ते जुने कागद आणि आधीच्या टू-डी इकोचे अहवाल पहिल्याच भेटीत दाखवावेत.