१४५ की १५६? हॅमचा सेट आणि बोटीवरचा मरीन व्हीएचएफ

गेल्या हंगामात एका संध्याकाळी रत्नागिरीत डोंगरावर हातात अँटेना धरून उभा होतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जायचं होतं. तिथले अंतराळवीर कधी कधी १४५.८०० मेगाहर्ट्झवर हौशी रेडिओवाल्यांशी बोलतात. स्थानक क्षितिजावर आलं की जेमतेम दहा मिनिटं मिळतात. त्या दहा मिनिटांत मला ऐकू आलं ते असं: बर्फ किती उरला, बांगडा लागला का, सुरमईला बंदरात काय भाव चाललाय.

बोलणाऱ्या मच्छीमारांवर रागावण्यात अर्थ नव्हता. नंतर जेट्टीवर एका तांडेलांना, म्हणजे बोटीच्या प्रमुखांना, विचारलं तर म्हणाले, "दुकानदारानं लावून दिला तसाच आहे, दादा. हा चॅनल मोकळा असतो म्हणाला." मोकळा वाटतो, कारण आम्ही हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाले, थोडे आहोत आणि बोलण्यापेक्षा ऐकतो जास्त.

घोळ होतो तो वस्तूमुळे. स्वस्तातला वॉकीटॉकी साधारण १३६ ते १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही लागतो. भारतात हॅमसाठी राखलेला पट्टा १४४ ते १४६ आहे, तर मरीन व्हीएचएफ, म्हणजे जहाजं आणि बोटींच्या रेडिओचा पट्टा, १५६ ते १६२ च्या आसपास. दोन्ही त्या एकाच डबड्यात बसतात. दोन्हींचा आवाज एफएमवरच जातो, अँटेनाही दिसायला सारखीच. बघून फरक कळायचा नाही.

फरक कायद्यात आहे आणि कामात आहे. हॅमचा परवाना माणसाच्या नावाने मिळतो: वयाची १२ वर्षं पूर्ण हवीत, परीक्षा द्यावी लागते, मग व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची आपली ओळख, हातात येतं. बोलताना ते सांगावंच लागतं. धंद्याचं बोलणं पूर्ण बंद. मासळीचा भाव मी स्वतःही या पट्ट्यावर सांगू शकत नाही. मरीन व्हीएचएफचा परवाना बोटीला असतो. तिथे फ्रिक्वेन्सी शोधत बसायची नाही, चॅनल ठरलेले आहेत. बोटीबोटींनी आपसात कामाचं बोलायला वेगळे चॅनल आहेत. चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हा हाक मारण्याचा आणि संकटाचा. चॅनल ७० वर तोंडाने बोलायचंच नाही, तो यंत्रांच्या डिजिटल हाकेसाठी आहे.

आणि इथेच मला मच्छीमारांची काळजी वाटते. १४५ वर "इंजिन बंद पडलं, पाणी शिरतंय" असं ओरडलं तर ऐकेल कोण? नशिबाने एखादा हॅम सेट लावून बसला असेल तर तो. १६ वर तीच हाक जवळून जाणारं मालवाहू जहाज, तटरक्षक दलाची गस्तीनौका आणि किनाऱ्यावरचं केंद्र ऐकतं, कारण तो चॅनल ऐकत राहणं हे त्यांचं कामच आहे. जीव धोक्यात असताना मदतीसाठी कुठलीही फ्रिक्वेन्सी वापरायची मुभा आंतरराष्ट्रीय नियमांतच आहे. आमच्या पट्ट्यावर अशी हाक आली तर आम्ही हातातलं सगळं सोडून ती पुढे पोचवू. पण रोजची सवय १४५ ची असेल, तर घाबरलेला हात त्याच बटणावर जाणार.

आम्हाला होणारा त्रासही खरा आहे. समुद्रावर दोन बोटींत चार-चार मीटर उंचीवर अँटेना असतील तर ऐकू येतं पंधरा-सोळा किलोमीटर. पण आंबोलीसारख्या जवळपास ७०० मीटर उंचीच्या ठिकाणी तीच बोट शंभर किलोमीटरपलीकडून ऐकू येते. पावसाळ्याआधी हवेचे थर जुळले की त्याहूनही कितीतरी लांबची. तांडेलाला वाटतं, आपण शेजारच्या बोटीशी बोलतोय. घाटावर मात्र अख्खा पट्टा भरून जातो. १४५.८ ते १४६ हा तुकडा तर उपग्रहांचा. इस्रोने ५ मे २००५ रोजी सोडलेला हॅमसॅट याच भागातून बोलायचा. तिकडून येणारा आवाज इतका क्षीण असतो, की पाच वॅटचा सेट जवळ चालू झाला की संपलंच.

हा पट्टा कायमचा आपला, असं गृहीत धरून चालत नाही. २०१९ मध्ये १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ विमानसेवेलाही देता येईल का, याचा अभ्यास करावा असा प्रस्ताव फ्रान्सने युरोपात मांडला होता. जगभरच्या हॅमनी विरोध केला आणि तो मागे पडला. पट्टा टिकवायचा तर तो वापरात हवा आणि नीट वापरात हवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीत वीज गेली, मोबाइल गप्प झाले. तशा वेळी बॅटरीवरच्या सेटला मोकळी फ्रिक्वेन्सी लागते.

म्हणून ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा समुद्रात जायच्या आधी जेट्टीवर जाऊन सेट बघून देणं, हे मला तक्रार करण्यापेक्षा बरं वाटतं. मरीन व्हीएचएफ वेगळा घ्या, पाण्याने न बिघडणारा, बोटीच्या कागदपत्रांसह. तो नेहमी १६ वर ऐकत ठेवा, गप्पा दुसऱ्या चॅनलवर. संकटात १६ वर तीनदा "मेडे", मग बोटीचं नाव, जीपीएसवरचं ठिकाण, काय झालंय आणि माणसं किती. बटण सोडून उत्तर ऐका, नाही आलं तर पुन्हा सांगा. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४.