खुलासा: जास्त वॉटचा व्हॅक्यूम क्लीनर जास्त धूळ ओढतो का?

‘जितके वॉट जास्त, तितकी ओढ जास्त’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखा आहे, पण खोक्यावरचे वॉट म्हणजे यंत्र किती वीज खातं, एवढंच. त्यातली बरीचशी उष्णतेत जाते. धूळ उचलते ती वाहती हवा. तिला दाबातला फरक आणि प्रवाह दोन्ही लागतात. किलोपास्कलचा (दाबातला फरक मोजायचं एकक) आकडाही एकटा पुरेसा नाही, कारण तो सहसा पाइपचं तोंड बंद असतानाचा, म्हणजे हवा वाहतच नसतानाचा असतो. ‘एअर वॉट’ (दाबातला फरक आणि प्रवाह मिळून होणारी हवेची ताकद) दिले असतील तर ते पाहा.

पडताळायचंय? डबा भरत आला की पाइपच्या तोंडाशी, ते पूर्ण न झाकता, तळहात धरा. मग डबा रिकामा करून, फिल्टर झटकून (धुतलात तर पूर्ण वाळवून) पुन्हा धरा. खोक्यावरचे वॉट तेच, तरी ओढ वाढलेली जाणवेल. नाही वाढली, तर पाइपात काही अडकलंय का, जोडाशी हवा गळतेय का, ते बघा.