पार्श्वभूमी: पुण्याच्या घरातला कचरा, कोपऱ्यावरच्या कुंडीपासून दारापर्यंत

गाडी आलीच नाही, महिन्याचे पैसे कशाबद्दल द्यायचे, सुका कचरा नेमका कोणाचा, हे पुण्यातल्या सोसायट्यांचे नेहमीचे वाद. कोपऱ्यावरची कचराकुंडी उचलायचं ठरलं, तिथून ते सुरू झाले.

सत्तरच्या दशकात पेठांतल्या वाड्यांमधून बाहेर पडायचं ते फारच थोडं. खरकटं आणि भाजीची देठं गोठ्यातल्या म्हशीला, राख भांडी घासायला, वर्तमानपत्रं रद्दीवाल्याच्या तागडीत, विटलेल्या साड्या बोहारणीकडे. किराणा कागदाच्या पुड्यांतून यायचा. पुडीचा दोरासुद्धा आई बोटांवर गुंडाळून खिळ्याला अडकवून ठेवायची. दुधाच्या प्लॅस्टिक पिशव्या आल्या तेव्हा त्याही धुऊन, वाळवून भंगारात विकल्या जात. उरायचा तो केर, आणि आंब्याच्या दिवसांत सालीकोयी.

म्हणून तो काळ स्वच्छ होता असं मात्र नाही. गल्लीच्या तोंडाशी कुंडी, तिच्याभोवती कुत्री आणि डुकरं, पावसाळ्यात नाकाला पदर लावूनच जावं लागे. ती उपसणारे हात कोणत्या जातीचे हे ठरलेलं होतं, आणि त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं.

पुढे शाम्पूच्या पुड्या आणि वेफर्सची पाकिटं आली. ही चकचकीत वेष्टनं भंगारवाला घेत नाही. कोथरूडचा कचरा डेपो अपुरा पडला आणि नव्वदच्या दशकात शहराचा कचरा उरुळी देवाची–फुरसुंगीकडे जाऊ लागला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, घराघरात माश्या, डेपोला आग लागली की धूर. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या की शहरात कचरा तुंबायचा आणि तेवढ्यापुरती सगळ्यांना उरुळी आठवायची. ही गावं २०१७ मध्ये पालिकेत घेतली आणि पुढे वगळलीही, तो इतिहास वेगळाच आहे.

१९९६ मध्ये शहरांच्या कचऱ्यावरून सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि २००० मध्ये केंद्राचे नियम आले: घरोघरून कचरा गोळा करा, वर्गीकरण करा. दारात माणूस येणार तर कुंडी कशाला, या विचाराने प्रभाग ‘कंटेनरमुक्त’ होऊ लागले. खरी ओढाताण इथे झाली.

सकाळी सातला कामावर जाणाऱ्याने कचरा कोणाच्या हाती द्यायचा, याचं उत्तर कोणी दिलं नाही. कुंडी गेली, पण जागा तीच राहिली. रात्री पिशव्या येऊन पडू लागल्या आणि त्या जागांना ‘क्रॉनिक स्पॉट’ हे नाव पडलं. कुंडीतून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायांपुढे त्याहून मोठा प्रश्न होता. कुंडी गेली म्हणजे पोट गेलं. त्यांची संघटना १९९३ पासून उभी होती, नव्वदच्या दशकातच त्यांना ओळखपत्रं मिळाली होती. दारोदारचं काम ठेकेदाराच्या गाडीला न देता आम्हाला द्या, ही त्यांची मागणी, आणि २००८ च्या सुमारास त्यांच्या सहकारी संस्थेशी पालिकेचा करार झाला. त्यात पालिकेचा पगार नाही. प्रत्येक घराने महिन्याला शुल्क द्यायचं आणि सुका कचरा विकून येणारे पैसे त्या बाईचे.

‘कर भरतो, वर पैसे का?’ हा प्रश्न कराबद्दल असेल तर पालिकेला विचारावा. दारातल्या बाईशी दहा-वीस रुपयांची घासाघीस करणं अन्यायाचं आहे. ती जिन्यावरून बादली उतरवते आणि ढकलगाडीशी उभी राहून पिशवीची गाठ सोडते. वर पुठ्ठा, खाली आमटीत भिजलेला भात, मध्ये उघडं डायपर. पुठ्ठा भिजला की त्याचा भाव गेला. वर्गीकरण म्हणजे तिचा त्या दिवसाचा पैसा, हे ओला-सुका समजावणाऱ्या फलकांवर कधीच आलं नाही.

२०१६ च्या नियमांनी घरातला घातक कचरा तिसऱ्या डब्यात गेला आणि सॅनिटरी कचरा, म्हणजे पॅड आणि डायपर, गुंडाळून देणं बंधनकारक झालं. हा कचरा ओळखू यावा म्हणून कागदाच्या पुडक्यावर लाल ठिपका काढायची मोहीम पुण्यात या बायांनीच चालवली. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली. पिशव्या काही महिने दिसेनाशा झाल्या, मग परतल्या. वेष्टनांना बंदीचा फारसा धक्का लागलाच नाही.

बायांच्या संस्थेशी झालेला करार संपला की मुदतवाढीची वाट बघायची, आणि दर वेळी हे काम मोठ्या ठेकेदाराला द्यावं का हा विषय निघतो. गाडीला वजनावर पैसे मिळणार असतील, तर कचरा वेगळा करण्यात ठेकेदाराला रस असायचं कारण नाही.